ऑपरेशनला दाखल होताना: पेशंट आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

हे पान आधीपासून ठरलेल्या ऑपरेशनसाठी आहे: हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भाशय, गुडघा, मोतीबिंदू असं काहीही. अपघात झाला किंवा पोटात काही फुटलं तर क्रम बदलतो, तेव्हा डॉक्टर सांगतील तसंच करायचं. इथल्या उत्तरापेक्षा तुमच्या सर्जननी आणि भूलतज्ज्ञांनी तुम्हाला तपासून दिलेली सूचना वेगळी असेल, तर त्यांचीच सूचना पाळा.

ऑपरेशनच्या वेळी जे बिघडतं त्यातलं बरंचसं हातातल्या सुरीमुळे बिघडत नाही. सिस्टरना वाटतं डॉक्टरांनी विचारलं असेल, डॉक्टरांना वाटतं पेशंट सांगेल, पेशंटला वाटतं रिपोर्टमध्ये आहेच की. खालची बहुतेक उत्तरं ही गृहीत धरलेली गोष्ट तोंडाने बोलून टाकण्याबद्दल आहेत.

भूलतज्ज्ञांना आधी भेटायलाच हवं का? सर्जननी तर तपासलंय.

हो, आणि शक्यतो काही दिवस आधी. आदल्या रात्री वॉर्डात पाच मिनिटं भेट झाली आणि तेव्हा एखादी गोळी बंद करायला हवी होती असं कळलं, तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं किंवा वाढीव धोका पत्करावा लागतो.

जाताना गोळ्यांची यादी करून नेऊ नका, गोळ्याच न्या. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, इंजेक्शनं, इनहेलर, आयुर्वेदिक चूर्ण, काढा, होमिओपॅथीच्या बाटल्या एका पिशवीत घालून टेबलावर ओता. सोबत जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, इको, शुगरचे रिपोर्ट असू द्या.

न विचारताही सांगायच्या गोष्टी या: कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं, सूज आली, दम लागला (नुसतं "ॲलर्जी आहे" म्हणू नका, काय झालं ते सांगा), दमा, फिट, घोरताना श्वास अडकणं, हलणारा दात, कवळी, शरीरात रॉड, प्लेट, पेसमेकर, गेल्या काही आठवड्यांत झालेला सर्दी-खोकला, विशेषतः लहान मुलांचा, पाळी चुकली असेल तर तेही. रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीत अचानक प्रचंड ताप चढला होता का, किंवा भूल उतरायला तासन्‌तास लागले होते का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. काही घराण्यांत स्नायू शिथिल करणारं एक औषध शरीरात लवकर विरघळत नाही. आर्य वैश्य समाजात हा दोष जास्त आढळतो. आधी कळलं तर ते औषध टाळता येतं, इतकं हे सोपं आहे.

विदर्भातल्या, नंदुरबार-धुळ्याकडच्या कुटुंबांनी सिकलसेलची (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का ते जरूर सांगावं, कार्ड असेल तर न्यावं. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि ऑक्सिजन कमी पडणं या तिन्ही गोष्टींनी सिकलसेलच्या रुग्णाला त्रास उसळतो. ऑपरेशनच्या वेळी नेमक्या त्याच सांभाळायच्या असतात. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारेलच असं नाही.

रोजच्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद करायच्या?

मनाने एकही नाही. काही गोळ्या चालू ठेवल्याने धोका असतो, काही बंद केल्याने. शेजारच्याला जे सांगितलं ते तुम्हाला लागू नसतं.

सर्वांत जास्त घोळ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा होतो. क्लोपिडोग्रेल बऱ्याच ऑपरेशनआधी साधारण ५ ते ७ दिवस थांबवतात, पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) असेल तर तो बसवून किती महिने झाले यावर सगळं ठरतं. स्टेंट नवा असताना या गोळ्या एकदम थांबवल्या तर तो बंद पडून हार्ट ॲटॅक येऊ शकतो; म्हणून पहिल्या काही महिन्यांत तातडीचं नसलेलं ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं. ॲस्पिरिन पुष्कळदा चालूच ठेवतात. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल चालू असेल तर काही दिवस आधी बंद करून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) करतात. हा निर्णय हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ या तिघांचा. तो एका कागदावर तारखेसह लिहून मागा: शेवटची गोळी कधी, पुन्हा सुरू कधी.

अडचण अशी की आपण कोणती गोळी घेतो हे अनेकांना माहीतच नसतं. "कोलेस्टेरॉलची कॅप्सूल" म्हणून रात्री घेतली जाते तिच्यात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही एकत्र असू शकतात. "शुगरची गोळी" म्हणतात तिच्यात मेटफॉर्मिनच्या जोडीला डॅपाग्लिफ्लोझिन असू शकतं. स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" दिसलं तर भूलतज्ज्ञांना मुद्दाम दाखवा. ही औषधं साधारणपणे ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवतात (अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस), कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढतं आणि त्या वेळी शुगर मात्र जवळजवळ नॉर्मल दिसते, म्हणून लवकर कुणाच्या लक्षात येत नाही.

बाकीचं थोडक्यात. मेटफॉर्मिन सहसा ऑपरेशनच्या सकाळी घेत नाहीत. इन्सुलिनचा डोस बदलून देतात, तो लिहून घ्या. थायरॉईडची, फिटची आणि मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉलसारखी गोळी त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या काही भूलतज्ज्ञ आदल्या २४ तासांत बंद ठेवायला सांगतात. स्टेरॉईड घेत असाल तर ते अचानक बंद करणं धोक्याचं आहे. वजन किंवा शुगरसाठी सेमाग्लुटाईडसारखं औषध चालू असेल तर सांगा. त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

तंबाखू, मिश्री, विडी सांगायची लाज वाटते. सांगणं खरंच गरजेचं आहे?

फार गरजेचं. मिश्री लावणाऱ्या बायका "मला व्यसन नाही" असं मनापासून सांगतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. सासरच्या माणसांसमोर बोलता येत नसेल तर सिस्टरना बाजूला बोलावून सांगा.

गुटखा-सुपारीची गोष्ट आणखी गंभीर आहे. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड पूर्ण उघडत नाही. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायची असते, ती बहुतेकदा तोंडातून. घरी तपासून पाहा: आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का? जात नसतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. त्यांना लवचीक दुर्बीण तयार ठेवता येते आणि नळी शुद्धीत असतानाच घालायची का हे ठरवता येतं. हे भूल दिल्यानंतर कळलं तर विचार करायला मिनिटंच असतात.

विडी-सिगारेट ४ आठवडे किंवा जास्त आधी सोडली तर छातीचे आणि जखमेचे त्रास कमी होतात. उशीर झाला असला तरी आदल्या दिवशी बंद करण्यालाही अर्थ आहे. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तेवढ्यात उतरतो.

किती तास उपाशी राहायचं? उपवासाचं चालतं का?

उपवासाचं चालत नाही. "उपाशी या" असं सांगितलेलं असताना साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेले पेशंट भूलतज्ज्ञांना नवीन नाहीत. शेंगदाण्याचं कूट आणि तूप असलेली खिचडी पचायला जड, म्हणजे तिला ८ तास धरायचे.

निरोगी माणसासाठी सर्वमान्य हिशोब असा आहे: तळलेलं, तुपातलं, मटण-चिकन ८ तास, हलकं खाणं, म्हणजे पेज, भात, बिस्किट, टोस्ट ६ तास, दूध, दुधाचा चहा, ताक ६ तास, बाळाला अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. हे तास ऑपरेशनच्या नव्हे, भूल देण्याच्या वेळेपासून मागे मोजायचे. तुमची वेळ किती, ते विचारून घ्या. सकाळी ११ ची वेळ असलेल्याला रात्री ९ पासून पाण्याचा थेंबही न देणं चांगलं नाही, खास करून लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना. पाणी कुठपर्यंत चालेल हे स्पष्ट विचारा. मधुमेह, गरोदरपण, पोट फुगणं, किडनीचा आजार यांत नियम बदलतात. नारळपाणी, सरबत यांबद्दल मनाने ठरवू नका, विचारा.

उपाशी का? भुलीत गिळण्या-खोकण्याची ताकद जाते. पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेततं. म्हणून ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात आजीने प्रेमाने तोंडात घातलेला प्रसादाचा पेढाही सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच. प्रसाद रुमालात बांधून ठेवा, शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना विचारून द्या.

मंगळसूत्र, जोडवी, मेंदी यांवर एवढा कटाक्ष का?

ओटीत रक्तवाहिन्या विजेच्या यंत्राने बंद करतात. मांडीला चिकटवलेल्या प्लेटमधून ती वीज परत जाते. धातू अंगावर असेल तर तिथे चटका बसण्याचा धोका असतो. शिवाय हात-पाय सुजले की अंगठी रुतते आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. सोन्याची अंगठी फिरत नसेल तर आदल्या दिवशी साबण-पाण्याने सोडवा, नाही निघाली तर सिस्टरना दाखवा. दागिने घरीच ठेवून आलात तर उत्तम. काचेच्या बांगड्या, गंडा-ताईत, जानवं काढायचं मन होत नसेल तर आधी बोला, काही वेळा पट्टीने झाकून सोय करतात.

मेंदी आणि गडद नेलपॉलिशचा प्रश्न बोटाला लावायच्या चिमट्याचा असतो. ऑक्सिजन किती आहे ते तो नखातून प्रकाश टाकून मोजतो. रंगामुळे आकडा चुकू शकतो आणि नखं निळी पडलेली डोळ्यांनाही दिसत नाहीत. लग्नसराईत ऑपरेशन असेल तर एका हाताची तरी बोटं कोरी ठेवा. कवळी, कॉन्टॅक्ट लेन्स, खोट्या पापण्या काढा. चष्मा आणि कानाचं मशीन शेवटच्या क्षणापर्यंत राहू द्या, म्हणजे विचारलेलं नीट ऐकू येईल.

घरीच दाढीच्या ब्लेडने केस काढून येऊ का?

नको. ब्लेडने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. केस काढायची गरजच असेल तर दवाखान्यात क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढतात. तुम्ही आदल्या रात्री किंवा सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ करा, बेंबी आणि कातडीच्या घड्या नीट धुवा, नंतर तेल-पावडर लावू नका.

संमतीपत्रावर सही सगळेच करतात. वाचून काय करायचं?

सही ओटीच्या दारात, स्ट्रेचरवर झोपून करायची गोष्ट नाही. फॉर्मवर ऑपरेशनचं नाव आणि बाजू हाताने लिहिलेली हवी. कोरी जागा ठेवून सही करू नका. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून सांगा म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

चार प्रश्न विचारा. हे ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? दुसरा पर्याय कोणता? माझ्या बाबतीत जास्त धोका कशाचा? आत गेल्यावर वेगळं काही सापडलं तर काय करणार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की दुर्बिणीतून नुसती तपासणी करायला दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढायला दिलेली संमती नव्हे, आणि पेशंट प्रौढ व भानावर येणारी असताना बाहेर बसलेल्या आईची संमती पुरत नाही. जिवाला तत्काळ धोका असेल तर गोष्ट वेगळी. नवऱ्याने, मुलाने सही केली म्हणून बाईला काही न सांगता ऑपरेशन होऊ नये.

डाव्याऐवजी उजवं, एकाऐवजी दुसरा पेशंट, असं खरंच होतं का?

क्वचित, पण होतं, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे. एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असू शकतात. म्हणून ओळख पटवायची ती पूर्ण नाव आणि रजिस्टर नंबर किंवा जन्मतारीख अशा दोन गोष्टींनी. बेड नंबरने कधीच नाही, बेड बदलतात. मनगटाच्या पट्टीवरचं नाव, वय, नंबर स्वतः वाचा, चूक असेल तर लगेच बदलून घ्या.

"तुम्ही सुनीताताई ना?" असं विचारलं तर घाबरलेला माणूस हो म्हणतो. त्यावर नुसतं हो म्हणू नका. आपलं पूर्ण नाव, काय ऑपरेशन, कुठल्या बाजूला हे स्वतःच्या तोंडाने सांगा. तीन जणांनी विचारलं तर तीनदा सांगा. वारंवार विचारणं हा गलथानपणा नव्हे, तीच तपासणी आहे.

डावं-उजवं असलेल्या ऑपरेशनला तुम्ही जागे असताना कातडीवर पेनने खूण करून घ्या. खूण बाणाची किंवा सर्जनच्या आद्याक्षरांची असावी. फुलीचा अर्थ "इथे करा" आणि "इथे करू नका" असा दोन्ही होतो. ती आंघोळीत पुसली तर सांगा.

ओटीत गेल्यावर तिथे काय तपासतात, ते आम्हाला कसं कळणार?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ कलमांची एक यादी काढली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या दवाखान्यांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्के आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं. एका कागदाने हे झालं, कारण तो कागद सगळ्यांना तीन वेळा थांबून मोठ्याने बोलायला लावतो.

पहिला थांबा भूल देण्याआधी: पेशंट कोण, ऑपरेशन कोणतं, खूण आहे का, ॲलर्जी, श्वासमार्ग अवघड आहे का, ५०० मिलीपेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे का. तुम्ही जागे असता, त्यामुळे हा थांबा तुम्हाला ऐकू येतो. दुसरा थांबा चीर देण्याआधी: सगळे आपलं नाव आणि काम सांगतात, अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलं का ते पाहतात. तिसरा पेशंट बाहेर जाण्याआधी: स्पंज, सुया, हत्यारं मोजून पूर्ण भरली का आणि तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर लेबल बरोबर आहे का. पोटात कापूस विसरण्याची जी भीती असते तिच्यावरचा उपाय हीच मोजणी. वापरायच्या स्पंजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, मोजणी जुळली नाही तर एक्स-रे काढता येतो.

"तुमच्याकडे सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट भरतात ना?" हे तपासणीच्या वेळीच विचारा. चांगल्या दवाखान्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

रक्त आणायला नातेवाईकाला पाठवतात. काय सांभाळायचं?

धावपळ होते ती इथेच. आधी नमुना: पेशंटचं रक्त बल्बमध्ये (नमुन्याच्या छोट्या बाटलीत) घेतल्यावर त्यावर नाव आणि नंबर पेशंटच्या शेजारीच लिहिला पाहिजे. "नंतर लिहितो" म्हणून बाजूला ठेवलेला बल्ब दुसऱ्याच्या नावाने गेला की चुकीच्या गटाचं रक्त येतं. रक्तपेढीच्या खिडकीवर मागणीपत्रावरचं नाव, नंबर, गट आणि पिशवीवरचा मजकूर ताडून पाहा. पिशवीवर नंबर, गट, संपण्याची तारीख आणि एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग (सिफिलिस), मलेरिया या पाच तपासण्या झाल्याची नोंद असते.

पिशवी रक्तपेढीने दिलेल्या डब्यातून थेट दवाखान्यात आणा. वाटेत चहाला थांबू नका. बर्फाला थेट चिकटवू नका, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, "गार आहे" म्हणून गरम पाण्यात घालू नका. तांबड्या पेशी फुटतात. घरच्या किंवा वॉर्डातल्या साध्या फ्रिजमध्येही नको. पिशवी बाहेर काढल्यापासून ३० मिनिटांत चढवायला सुरुवात आणि ४ तासांत संपवणं, हा नियम. लावण्याआधी दोन जणांनी पिशवी आणि मनगटाची पट्टी ताडायची असते. पहिली १५ मिनिटं पेशंटजवळ बसा. थंडी वाजली, ताप, खाज, दम, कंबरेत कळ, लघवी लाल यांपैकी काहीही झालं तर लगेच सिस्टरना हाक मारा, पिशवी बंद करायला लावा.

तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याची बाटली हातात दिली तर?

छोट्या दवाखान्यांत ती बाटली लॅबपर्यंत नातेवाईकच नेतात. हातात घेताना पेशंटचं नाव, कोणता अवयव, कोणती बाजू, तारीख हे सगळं बाटलीच्या अंगावर लिहिलंय का बघा, झाकणावर नव्हे, कारण झाकणं बदलतात. दोन बाटल्या असतील तर १, २ असे नंबर फॉर्मशी जुळले पाहिजेत. तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (तुकडा सडू न देणाऱ्या द्रवात) पूर्ण बुडालेला हवा. द्रव तुकड्याच्या दसपट असावा. सलाइनमध्ये, रिकाम्या बरणीत रात्रभर राहिलेला तुकडा सडतो आणि कॅन्सर आहे की नाही हेच सांगता येत नाही. पावती घ्या, रिपोर्टची तारीख लिहून ठेवा आणि रिपोर्ट सर्जनना दाखवेपर्यंत काम संपलं असं समजू नका.

मणक्यात इंजेक्शन दिलं की जन्मभर कंबर दुखते, खरं का?

नाही. सुई गेली त्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. सिझेरियननंतर वर्षानुवर्षं कंबर दुखते त्यामागे बाळंतपणात सैल झालेले स्नायू, वाकून पाजणं, बाळ उचलणं ही कारणं असतात. एक त्रास मात्र खरा आहे: पहिल्या काही दिवसांत उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. हे अंगावर काढू नका, भूलतज्ज्ञांना कळवा, त्यावर उपचार आहे. पाय जड, बधिर राहिले किंवा लघवी होईनाशी झाली तर लगेच सांगा.

ऑपरेशननंतर पेशंटला झोपू द्यावं की उठवावं?

डॉक्टर सांगतील तेव्हा लवकरात लवकर उठवावं. पडून राहिलं की पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस क्षणात जाऊ शकतो. अंथरुणातही दर तासाला दहा वेळा पावलं वर-खाली करा. पहिल्यांदा उठताना एकटं उठू नका: आधी कुशीवर, मग पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसा, चक्कर नाही ना ते बघा, मग कुणाचा तरी हात धरून उभे राहा. रात्री बाथरूमला जाताना पडणारे पेशंट पुष्कळ असतात. बेल हाताशी ठेवा.

तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, हळू आत ओढायचं असतं. जागेपणी तासाला दहा वेळा. खोकताना उशी टाक्यांवर घट्ट दाबा. दुखतंय म्हणून खोल श्वास टाळला तर छातीत कफ साठतो, म्हणून वेदना सोसू नका, गोळी मागा.

टाके पिकू नयेत म्हणून भात, डाळ, वांगं बंद करायचं का?

भाताने किंवा डाळीने पू होत नाही; पू जंतूंमुळे होतो. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आपण नेमकी डाळ, अंडी, दूध बंद करतो. मधुमेह असेल तर शुगर आटोक्यात ठेवणं कुठल्याही पथ्यापेक्षा जास्त उपयोगाचं. अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्सही टाके राखत नाही. बहुतेक स्वच्छ ऑपरेशनांना चीर देण्याआधीचा डोसच कामाचा असतो. पुढे गोळ्या दिल्या तर कशासाठी ते विचारा.

जंतू येतात ते हातांवरून. ड्रेसिंग करणाऱ्याने, सलाइनला हात लावणाऱ्याने हात धुतले का हे विचारायला संकोच नको: "सिस्टर, हात धुतलेत ना?" एवढं पुरे. भेटायला येणाऱ्या पंधरा जणांपैकी कुणी पलंगावर बसू नये, सर्दीवाल्याने फोनवर बोलावं. लघवीची नळी आणि सलाइनची सुई अजून गरजेची आहे का हे रोज विचारा. साध्या टाक्यांवर ४८ तासांनी अंघोळीचं पाणी सहसा चालतं. चोळू नका, टिपून कोरडं करा, हळद-तेल लावू नका.

घरी गेल्यावर कशाला घाबरायचं?

१००.४ पेक्षा जास्त ताप, जखम लाल-गरम होणं, पू किंवा वास, टाके उसवणं, ड्रेसिंग रक्ताने भिजणं, पोट फुगून सतत उलट्या, ६-८ तास लघवी न होणं. आणि एकाच पोटरीची सूज-दुखणं, छातीत कळ, अचानक दम; यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. जंतुसंसर्ग ३० दिवसांपर्यंत, कृत्रिम सांधा किंवा जाळी बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंतही दिसू शकतो. त्याच दिवशी घरी सोडलं असेल तर २४ तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका, घरी कुणीतरी सोबत हवं.

कागदपत्रं किंवा तक्रार?

डिस्चार्ज कार्डवर काय ऑपरेशन झालं, काय बसवलं (स्टिकरसह), कोणत्या गोळ्या पुन्हा केव्हापासून सुरू आणि रात्री फोन कुणाला करायचा हे लिहिलेलं घ्या. केसपेपरच्या नकला लेखी मागितल्या तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत द्याव्या लागतात. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावलेली असते, ती वाचा. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन असेल तर आधी आरोग्यमित्राकडे (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे) जा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. काही चुकलं असं वाटलं तर प्रथम दवाखान्याच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल किंवा ग्राहक आयोग आहे, आणि आयोगाकडे जायची मुदत २ वर्षं असते.